शिवनाथकाका, तुमचं कलम आणि तुमचा भैया

शिवनाथकाका,

परवा तुम्हाला निरोप देऊन घरी आले आणि भरदुपारी गाढ झोपले. मंदारने उठवलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं आणि त्याने वरणभाताचा कुकर लावला होता. मला वाटलं होतं, आज फार रडू येणार. तसं काही झालं नाही. अंगावरची ओली गोधडी कोणीतरी उचलून न्यावी तसं हलकं वाटत होतं. हे कोणाला सांगायची सोय नाही. मराठी मंडळातल्या मैत्रिणी हात धरून म्हणतात, "तुझे ते शेजारचे काका गेले ना गं, किती जवळचे होते." मी मान हलवते. बरं वाटतंय असं त्यांना कसं सांगू? तुम्हाला मात्र सांगू शकते. तुम्हाला कोणी उगीच रडलेलं आवडत नसे, आणि माणूस नीट गेला की नाही यातला फरक तुम्हाला कळायचा.

तुम्ही नीट गेलात. तुमचे थोरले भाऊ, तुमचे भैया, तुमच्या पायाशी उभे होते. पंडितजी अर्धं डचमध्ये आणि अर्धं संस्कृतमध्ये बोलत होते, आणि भैया त्यांच्यामागून एकेक शब्द जपून म्हणत होते. तूप घालायला ते पुढे वाकले तेव्हा तुमच्या एल्सने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. महिन्याभरापूर्वी हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. आम्ही हेगजवळच्या झूटरमेरच्या त्या रांगेतल्या घरात नुकतेच आलो होतो. मी मागच्या अंगणात खोक्यांशी झटापट करत होते आणि कुंपणाच्या झुडपापलीकडून आवाज आला, "का भइल, बेटी?" मी चपापले. इतकी वर्षं या देशात राहून असलं हिंदी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की ही सरनामी, दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, सुरिनामच्या हिंदुस्थान्यांची भाषा. तुमचे पणजोबा-पणजी मजुरीच्या करारावर कलकत्त्याहून जहाजात बसून तिकडे ऊस तोडायला गेले, आणि ही भाषा त्यांच्याबरोबर गेली. मग तुम्ही गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "आणि तुम्ही कुठल्या जहाजाने आलात?" मी म्हटलं, "आम्ही कंपनीच्या तिकिटावर विमानाने." तुम्ही म्हणालात, "म्हणजे करारावरच. फरक फक्त जेवणाचा." मी रागवावं की हसावं ते मला कळेना, आणि तेवढ्यात एल्स कॉफी घेऊन आली.

तेव्हापासून आपण असंच बोलत आलो, माझं पुणेरी हिंदी, तुमचं सरनामी, मधे डच, मधे इंग्रजी. इथे सगळं मराठीत लिहितेय, कारण तुमचा आवाज आता माझ्या डोक्यात मराठीतच येतो.

आपलं खरं भांडण झालं ते पासपोर्टवरून. मंदार आणि मी डच नागरिकत्वाचा विचार करत होतो. त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. तुम्ही माझी डच परीक्षेची तयारी करून घेत होतात. एका रविवारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी सहज म्हणाले, "काका, शेवटी कागदच तो. प्रवास सोपा होतो, एवढंच." तुम्ही चष्मा काढलात. "एवढंच?" म्हणालात. "मग घेऊ नकोस." मला वाटलं चेष्टा आहे. पण तुम्ही पुस्तक मिटलंत आणि उठून खिडकीशी गेलात. एल्सने मला डोळ्यांनी खुणावलं की गप्प बस. मी घरी आले आणि मंदारला म्हटलं, या माणसाला काहीतरी झालंय.

पुढच्या रविवारी तुम्हीच बोलावलंत आणि सगळं सांगितलंत. सुरिनाम स्वतंत्र व्हायचं होतं त्या वर्षीची गोष्ट. लायडनमध्ये कायदा शिकून तुम्ही नुकतेच वकील झाला होतात. वाटाघाटींसाठी सुरिनामहून मंत्री हेगला आले तेव्हा त्यांना डच कायदा जाणणारी आपली मुलं हवी होती. तुम्ही गेलात. तुमच्या घरच्यांचा आणि बहुतेक हिंदुस्थानी लोकांचा या स्वातंत्र्याला विरोध होता. त्यांना वाटत होतं, डच गेले की आपला कोणी वाली राहणार नाही. निकेरीला तुमच्या वडिलांची भातशेती होती. तिथून भैयांचा निरोप आला होता की त्या टेबलावर बसलास तर आमच्या टेबलावर बसू नकोस. तरी तुम्ही गेलात. "मी पंचविशीत होतो," तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांसमोर एक देश जन्माला येत होता आणि मला दाराबाहेर थांबायला सांगत होते."

त्या वाटाघाटींत पैशांवरून, सैन्यावरून, सीमेवरून घासाघीस झाली असणार. तुम्ही त्यातलं काही सांगितलं नाहीत. तुम्ही सांगितलंत ते एका कलमाबद्दल. स्वातंत्र्याच्या दिवशी कोण डच राहणार आणि कोण सुरिनामी होणार, ते ठरवायचं होतं. तोवर सगळेच डच नागरिक होते. शेवटी ठरलं ते असं की त्या दिवशी तुमचं घर जिथे, तिथले तुम्ही. तिकडे राजधानीत, पॅरामारिबोत राहणारा सुरिनामी, हेगमध्ये राहणारा डच. थोडे अपवाद होते, आणि पुढची पाच वर्षं ये-जा मोकळी होती. त्यानंतर व्हिसा.

"ते कलम माझं," तुम्ही म्हणालात. "आणि ते बरोबर होतं. अर्ध्या लोकांनी परतीचं तिकीट खिशात ठेवून देश उभा करता येत नाही."

"पण लोकांना विचारलं होतं का?" मी म्हटलं.

"हेच भैया विचारतो," म्हणालात.

नंतरचं एल्सने सांगितलं. त्या दिवशी तुम्ही हेगमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होतात, त्यामुळे तुमच्याच कलमाने तुम्ही डच राहिलात आणि भैया निकेरीत सुरिनामी झाले. तुम्ही परत जाणार होतात. मग लग्न झालं, मग तिकडे लष्कराने सत्ता घेतली, आणि जाणं पुढे पुढे गेलं. मोकळी वर्षं संपत आली तेव्हा आजारी आईला तुम्ही इकडे आणलंत. विमानं भरभरून येत होती. ती दोन-तीन हिवाळे इथे राहिली आणि गेली. भैयांनी व्हिसासाठी अर्ज केला होता. तो वेळेत झाला नाही. तुम्ही एकट्याने आईला अग्नी दिलात. भैयांनी फोनवर म्हटलं, "कलम लिहिणारा आईजवळ, आणि आम्ही तुझ्या कलमाच्या अलीकडे." त्यानंतर ते तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्ही दोनदा निकेरीला जाऊन आलात. दोन्ही वेळा भैया शेतावर गेले आणि तुम्ही परत निघेपर्यंत घरी आले नाहीत.

पुढे आयुष्यभर तुम्ही लोकांचे राहण्याचे परवाने, व्हिसे, कुटुंबाला इकडे आणण्याचे अर्ज, हेच खटले लढलात. का, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तुमचं खाणं कमी झालं. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तपासण्यांना पाठवलं आणि मग स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. इथले डॉक्टर स्पष्ट बोलतात. तुम्हीही स्पष्टच ऐकलंत आणि म्हणालात, दवाखाना नको, घरी. एल्सने दिवाणखान्यात बागेकडे तोंड करून पलंग लावला. मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन दुपारी तुमच्याकडे येऊन बसायला लागले. तुम्ही मीटिंगा ऐकायचात आणि मीटिंग संपली की म्हणायचात, "तो सायमन काहीच बोलला नाही. फक्त जास्त वेळ बोलला."

एक दिवस एल्सने मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, "भैयाला फोन करशील? मी केला की तो ठेवून देतो." त्यामागेही तुमच्या वाटाघाटीच होत्या. एल्स तेव्हा डच बाजूची लघुलेखिका होती, तुम्ही दोघं तिथेच भेटलात, आणि भैयांच्या लेखी ती पलीकडच्या टेबलावरची बाई होती.

मी संध्याकाळी ऑफिस संपल्यावर लावला. तिकडे दुपार होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"कोण?"

मी नाव सांगितलं, शेजारी राहते म्हटलं.

"कोणी सांगितलं फोन करायला? शिवूने?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"मग ठेव."

"भैया, ते फार दिवस नाहीत."

त्यांनी कोंबड्यांना हुसकलेलं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "त्याला म्हणावं, ते कलम चुकीचं होतं असं एकदा माझ्या कानावर घाल. मग बघू."

मला वाटलं, काम झालं. एवढंच तर हवंय. मी दुसऱ्या दिवशी तुमच्याजवळ बसले आणि सांगितलं की मी फोन केला. तुम्ही रागावला नाहीत. डोळे मिटून विचारलंत, "काय म्हणाला?" मी भैयांची अट सांगितली.

"ते मी म्हणणार नाही," तुम्ही म्हणालात.

"काका, दोन शब्द आहेत."

"खोटे आहेत. कलम बरोबर होतं. आईचं झालं ते वाईट झालं. या दोन गोष्टी आहेत, त्याला त्या एक करायच्या आहेत."

"मग म्हणा ना त्या एकच आहेत. आता काय जातंय तुमचं?"

"आता जे आहे तेवढंच आहे," तुम्ही म्हणालात. "त्यात खोटं घालून कसं चालेल?"

मी खरंच चिडले होते. मरणाच्या दारात माणूस कलमाच्या शब्दावर अडून बसतो म्हणजे काय? मी उठून गेले आणि दोन दिवस आले नाही. हे भांडण आपलं तसंच राहिलं. कलम आणि आई हे दोन प्रश्न तुम्ही सुटे ठेवलेत, हे मला आता पटतं. पण भावाला तिष्ठत ठेवायला ते पुरेसं कारण होतं का, ते अजून पटत नाही. तुम्ही असतात तर अजून वाद घातला असता.

पुढे काही दिवस मी निरोप्यासारखी इकडचं तिकडे करत राहिले. भैया म्हणायचे, त्याने म्हणावं. तुम्ही म्हणायचात, म्हणणार नाही. भैयांनी आणखी एक गोष्ट घातली. त्यांनी शपथ घेतली होती की त्या देशाच्या दारात पुन्हा व्हिसा मागायला उभं राहणार नाही. म्हणजे तुम्ही हो म्हटलं असतं तरी ते आले असते की नाही, कोण जाणे. तुम्हाला विमानात बसवणं तर अशक्यच होतं. मंदार म्हणाला, "सोड आता. पन्नास वर्षांचं आहे, तू कोण मिटवणारी?" बरोबरच होतं त्याचं.

सोडायचं ठरवूनच मी शेवटचा फोन केला. भैयांना म्हटलं, "ठीक आहे, नका येऊ. फक्त एक विचारते. तेव्हा तुम्हाला कोणी येऊन विचारलं असतं, की डच राहायचंय की सुरिनामी व्हायचंय, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

मला वाटलं, फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. मग भाताबद्दल बोलायला लागले. वडिलांनी समुद्राकाठची चिखलाची जमीन कशी बांध घालून भाताखाली आणली, पाण्याची दारं रोज कोण उघडायचं, शिवू लहानपणी त्या दारावर बसून कसा अभ्यास करायचा. त्यांची बायको हॉलंडला जाऊ म्हणत होती, अर्धं गाव जात होतं. "मी नसतो गेलो," ते म्हणाले. "बाप जमिनीवर होता. मी काय तिकडे जाऊन कारखान्यात उभा राहणार होतो? मी सुरिनामी व्हायला हो म्हटलं असतं."

"मग?" मी म्हटलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"मग काय. मी राहिलो असतो. त्यांनी मला ठेवलं. शिवूने मला ठेवलं. माझा सख्खा भाऊ तिथे बसला होता आणि त्याने एकदा फोन करून विचारलं नाही की भैया, तुला काय हवंय. आई गेली तेव्हा माझ्या मनात तेच येत होतं. आज कोणी पहिल्यांदा विचारलं. तेही तू, कोण कुठली."

मी तशीच उठून तुमच्याकडे आले. एल्स तुमच्या पायांना तेल लावत होती. मी शब्दही न बदलता सगळं सांगितलं. तुम्ही छताकडे बघत होतात. मला वाटलं तुम्हाला झोप लागली. मग तुमच्या गालावरून पाणी ओघळलं आणि तुम्ही हसलात, दोन्ही एकदम. "हो म्हणाला असता?" तुम्ही विचारलंत. "हो," मी म्हटलं. "गाढव," तुम्ही म्हणालात. कोणाला म्हणालात ते मी विचारलं नाही.

मग तुम्ही माझा फोन मागितलात. हातात धरवत नव्हता म्हणून मी तोंडाजवळ धरला. तुम्ही चुकीचं-बरोबर काही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "भैया, तोसे पूछत हई. तू अइबे का?" तुला विचारतोय, येशील का. मी ते रेकॉर्ड करून पाठवलं. एल्सने विचारलं काय म्हणालास, आणि तुम्ही तिला डचमध्ये सांगितलंत, "एक प्रश्न विचारायचा राहिला होता."

तिकडून उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही भैयांच्या नातीकडून. आजोबा पॅरामारिबोला व्हिसासाठी गेले आहेत. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तो वेळेत होऊ दे." एल्सने तुमच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांना फोन लावले, हाउसआर्ट्सने तुमच्या प्रकृतीबद्दल लिहून दिलं. ते दिवस फार वाईट होते. तुम्ही जेवण जवळजवळ सोडलं होतंत, आणि मला रोज भीती वाटायची की आईचं झालं तेच पुन्हा होणार. पण व्हिसा झाला. कोणाच्या मेहेरबानीने नाही, नेहमीच्या रीतीने, नेहमीच्या खिडकीवर. तो दिवस मला तुमच्या अंत्यविधीपेक्षा जास्त आठवेल. एल्स अंगणात येऊन माझ्या गळ्यात पडली. ही बाई मला दहा वर्षांत कधी हात मिळवण्यापलीकडे शिवली नव्हती.

स्किपोल विमानतळावर मी आणि मंदार आणायला गेलो होतो. भैया कोट घालून, टाय लावून आले. ऐंशी ओलांडलेला माणूस, पाठ ताठ. गाडीत त्यांनी सांगितलं की तपासणीच्या खिडकीवरच्या पोराने विचारलं, कशासाठी आलात. "मी त्याला असल्या डचमध्ये उत्तर दिलं की त्याने मान वर करून बघितलं. आमच्या शाळेतलं डच. आता इथे कोणी बोलत नसेल."

"काय म्हणालात?" मंदारने विचारलं.

"म्हटलं, धाकट्या भावाने बोलावलंय."

तुम्ही भेटलात तेव्हा मी खोलीत नव्हते. मी मुद्दाम थांबले नाही. मंदार बॅगा आत ठेवून आला आणि म्हणाला, "भैया पलंगावर बसलेत, काकांनी त्यांचा टाय धरलाय." एवढंच मला माहीत आहे. पुढचे दिवस मी जायचे तेव्हा तुमच्या दोघांची सरनामी इतकी जोरात चाललेली असायची की मला निम्मं कळायचं नाही. पाण्याच्या दारांबद्दल बोलायचात, कुठल्यातरी रेड्याबद्दल, कोणाच्या लग्नात कोण नाल्यात पडला त्याबद्दल. कलमाबद्दल मी एकदाही ऐकलं नाही. भैया तुम्हाला भाताची पेज भरवायचे आणि म्हणायचे, हा कसला तांदूळ, याला वास नाही. तुम्ही म्हणायचात, मग घेऊन यायचा होतास. शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही भैयांना विचारलंत, पाणी सोडलं का शेतात? ते म्हणाले, सोडलं. तुम्ही डोळे मिटलेत.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्ही परत का गेला नाहीत? इतरांसाठी जे कलम लिहिलंत, त्याच्या पलीकडे जाऊन राहायचं तुमच्या मनात होतं असं एल्स म्हणते. भीती वाटली की प्रेम आडवं आलं, की नुसते दिवस गेले? मला वाटतं, माझ्या पासपोर्टवरून तुम्ही इतके चिडलात ते यासाठीच. "एवढंच" म्हणून माणूस कुठेतरी राहून जातो, हे तुम्हाला माहीत होतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले.

आम्ही शेवटी नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. पण या वेळी आधी आमच्या लेकीला, इराला विचारलं. तिला आमच्याबरोबर आपोआप मिळणार, त्यामुळे विचारायचं काही कारण नव्हतं. मी मराठीत विचारलं, ती नेहमीसारखी डचमध्ये बोलली. आजीकडे जाता येईल ना? येईल म्हटलं. मग मी तरीही मराठी राहणार का? मी म्हटलं, ते तुझ्यावर आहे. तिने विचार करून सांगितलं, मग चालेल, पण उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना सायकलवरून ओरडून हो म्हणाली. खमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, आमची तारीख लागली आहे. तुम्ही येणार होतात.

काल भैयांनी एल्सला विचारलं की तुमच्या वाटाघाटी झाल्या ती जागा बघता येईल का. एल्स म्हणाली, चला. मी सोबत गेले, कारण मला वाटलं दोघांच्या मधे बोलायला कोणी लागेल. ट्रामने हेगला गेलो. वारा होता पण ऊन पडलं होतं. इमारतीचं काम चालू आहे, पडदे लावलेत, आत जाता येत नाही. भैया कुंपणाशी उभे राहून वर बघत होते.

"कुठली खोली?" त्यांनी विचारलं. डचमध्ये, थेट एल्सला.

तिने खिडकी दाखवली. मग सांगायला लागली. लांब टेबल होतं, मंत्री बसायचे, त्यांच्यामागे सल्लागार, त्यांच्यामागे भिंतीला लागून खुर्च्या. शिव तिथे बसायचा, हीटरजवळ, मांडीवर फायली घेऊन. कोणी बोट वर केलं की कागद नेऊन द्यायचा.

"फायली?" भैया म्हणाले. "कलम कोणी लिहिलं?"

"ते दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी ठरवलं होतं. शिव यायच्या आधीच. त्याने त्यातला एक स्वल्पविराम हलवला. मीच टाइप केलं होतं."

भैया खिडकीकडून तिच्याकडे वळले. "मग तो मला असं का म्हणाला नाही? इतकी वर्षं?"

"त्याला ते पटलं होतं," एल्स म्हणाली. "जे पटलंय त्यातून अंग काढून घेणं त्याला जमायचं नाही. मी किती वेळा म्हटलं."

काका, मलाही हे माहीत नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर "ते कलम माझं" म्हणालात आणि मी ते जसंच्या तसं घेतलं. "मी फक्त फायली नेत होतो," एवढं वाक्य भैयांना फोनवर सांगितलं असतंत तर सगळं तेव्हाच मिटलं असतं. तुमचा राग यावा असं वाटत होतं, पण आला नाही.

भैया हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. "भिंतीजवळ," ते म्हणत होते, "भिंतीजवळ बसलेलं पोर, आणि मी त्याला देशाचा मालक समजून भांडत होतो." एल्सही हसायला लागली. मग तिने त्यांना विचारलं की समुद्र बघायचाय का, इथून ट्राम जाते. ते म्हणाले, समुद्र रोज बघतो, पण चल.

दोघं ट्रामच्या थांब्याकडे पुढे निघाले. भैयांचं ते शाळेतलं डच, एल्सचं भराभर बोलणं, आणि मधे दोघांच्या तोंडी तुमचं नाव. मी दहा पावलं मागे होते. मला पुढे होऊन काही समजावून सांगायचं नव्हतं, कोणाचं कोणाला नेऊन द्यायचं नव्हतं. थांब्यावर त्यांनी वळून बघितलं तेव्हा मी हात हलवला, तुम्ही व्हा पुढे, आणि माझी घरची ट्राम पकडली.

तुमची,
शेजारची मृण्मयी